जुनं कौलारू घर राहतं करताना

आमचं घर दापोली तालुक्यातलं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात न्हाणी. माजघराच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल चढायची. पहिल्या वर्षी एका गवंड्याने सल्ला दिला, सिमेंटचा जाड गिलावा मारून टाकू, पुन्हा बघायला नको. मारला. दोन पावसाळ्यांत ओल कमरेवरून खांद्यापर्यंत गेली आणि गिलावा पापडासारखा फुगला. तो खरवडला तेव्हा आतल्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाचा, भुगा हाताला लागला. दुखणं भिंतीत नव्हतंच. परसातली माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या, म्हणजे घराखालच्या चौथऱ्याच्या, वर आली होती आणि पागोळ्यांचं, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारं, सगळं पाणी तिथेच मुरत होतं. दोन माणसांनी दोन दिवसांत ती माती दीड फूट खाली काढली, आणि पुढच्या पावसात ओल निम्म्यावर आली.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, घर पाडायचं नसेल, त्यात नीट राहायचं असेल आणि दोन-तीन खोल्या वाढवायच्या असतील, तर आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा. फरशा, रंग आणि मॉड्युलर किचन नंतर.

एक पावसाळा नुसतं बघा

नोव्हेंबरमध्ये घर बघून अंदाजपत्रक करणारा ठेकेदार कोरडं घर बघतो. तुम्ही जुलैत जा. दोन दिवस राहा. सोबत बॅटरी, खडू, ओळंबा, एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि वही.

जिथपर्यंत ओल आहे तिथे भिंतीवर खडूने रेघ मारून तारीख लिहा. गणपतीत परत जाल तेव्हा रेघ वर सरकली की खाली, ते कळेल. खालून वर चढणारी ओल ही जमिनीची किंवा पागोळ्यांची. वरून खाली उतरणारे डाग कौलांचे. मधेच एखाद्या पट्ट्यात दिसणारी ओल बहुतेक वेळा झडीची, म्हणजे नैर्ऋत्येच्या वाऱ्याने भिंतीवर येणाऱ्या पावसाची. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि तिन्हींवर एकच गिलावा मारणं हा आमच्याकडचा सार्वत्रिक घोटाळा आहे.

मग माळ्यावर चढा. मुसळधार पाऊस असताना बॅटरी बंद करून वर बघितलं की फुटक्या कौलांतून उजेड दिसतो. वासे, म्हणजे छपराची उतरती लाकडं, जिथे भिंतीवर टेकतात ती टोकं बघा, लाकूड कुजतं ते तिथे. आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) आणि तुळया हाताने ठोका. निरोगी लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. स्क्रूड्रायव्हर टोचा. पाव इंच आत गेला तर हरकत नाही, मुठीपर्यंत गेला तर ती तुळई बदलायची.

भिंतींना तडे असतील तर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण आणि तारीख घाला. सहा महिन्यांत तडा खुणेच्या पलीकडे गेला नाही तर तो जुना, थांबलेला. गेला तर ठेकेदाराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे तडे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या भेगा कोकणात बऱ्याच घरांत आहेत. त्यातल्या काही खरोखर तेव्हाच्या असतील, काही गेल्या वर्षीच्या. पेन्सिलीची खूण वाद मिटवते.

कागद आणि भाऊबंद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण घरं इथेच अडतात. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद, मालकी हक्काचा पुरावा नव्हे. आजोबांच्या नावावर घरपट्टी येते म्हणून घर आपलं, असं धरून खर्च करू नका. जमीन सातबाऱ्यावर आहे की गावठाणात, गावठाणात असेल तर सरकारच्या स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका, म्हणजे गावठाणातल्या मालमत्तेचा नोंदीचा कागद, निघाली आहे का, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, हे आधी बघा. सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. "अरे, करा की, माझं काय म्हणणं आहे?" हे फोनवर म्हणणारे काका मनापासूनच म्हणतात, पण उद्या त्यांची मुलंही तेच म्हणतील असं नाही. आमच्याकडे गणपतीत, आरतीनंतर सगळे ओटीवर बसलेले असताना कागद फिरवला. दुसऱ्या कुठल्या दिवशी सगळे एकत्र सापडलेच नसते.

वाढीव बांधकामाला परवानगी काय लागते ते ग्रामपंचायतीकडून लेखी समजून घ्या. घर समुद्राजवळ किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचा, प्रश्न येतो. तिथे जुन्या घराची दुरुस्ती आणि नवी वाढ यांना वेगवेगळे नियम लागतात. गवंड्याच्या "काही होत नाही" वर जाऊ नका.

काय कुठे जाणार

जुन्या घरात नव्या पद्धतीने राहायचं म्हणजे बहुतेकांना चार गोष्टी हव्या असतात: घरातच संडास-बाथरूम, ओट्याचं स्वयंपाकघर, उजेड, आणि वयस्कर माणसांना पडायची भीती नसलेली जागा. यातल्या पहिल्या दोन म्हणजे पाणी. माझा नियम सरळ आहे: पाण्याची सगळी कामं नव्या बांधकामात, जुनं घर कोरडं. माजघराच्या कोपऱ्यात संडास काढायचा मोह होतो, कारण भिंती आयत्या असतात. पण मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या दीड फुटी भिंतीत पाइप घातला, आणि तो एक दिवस गळायला लागला, की ते कळेपर्यंत दोन वर्षं जातात.

म्हणून आम्ही परसाच्या बाजूला नवा भाग काढला. त्यात स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि आईची खोली. जुनं स्वयंपाकघर जेवणाची खोली झालं. ओटी आणि पडवी आहेत तशाच ठेवल्या. ओटी आणि माजघरामधली भिंत पाडून 'हॉल मोठा' करण्याचा आग्रह मुंबईकर भावाने धरला होता. त्या भिंतीवर दोन तुळया टेकलेल्या त्याला माळ्यावर नेऊन दाखवल्या, मग तो शांत झाला. नवं दार पाडायचंच असेल तर आधी वरचा भार टेकूंवर घ्यायचा, मग लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, बसवायचं आणि शेवटी खालचे चिरे काढायचे. हा क्रम उलटा करणारे लोक आहेत.

कामाचं वेळापत्रक

दिवाळीनंतर सुरुवात. नोव्हेंबर-डिसेंबरात नव्या भागाचा पाया आणि भिंती, जानेवारी-फेब्रुवारीत जुनं छप्पर. शिमग्याला आठवडाभर काम बंद धरून चाला. पालखी दारात येणार असताना गडी येत नाहीत आणि येऊही नयेत. एप्रिल-मे आंब्याचे, मजूर बागांत जातात आणि मजुरी वाढते. वळवाचा पाऊस मेमध्ये कधीही गाठतो, म्हणून मार्चअखेर दोन्ही छपरं बंद झालेली हवीत. फरशी, वायरिंग, रंग ही आतली कामं एप्रिल-मेमध्ये. उघड्या छपरासाठी ताडपत्र्या आधीच आणून ठेवा.

छप्पर

सगळ्यात जास्त पैसा आणि लक्ष इथे द्या. मंगलोरी कौलं म्हणजे १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून किनाऱ्यावर पसरलेला प्रकार. एकेका कौलाचं वजन अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. कौलं उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. टणकन वाजलं तर ठेवा, फुटका आवाज आला तर बाजूला. ब्रशने शेवाळ काढून उन्हात वाळवा. आमची चारातली तीन कौलं पुन्हा चढली.

वासे आणि रिपा (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) हा खरा प्रश्न. चूल होती तोवर धूर रोज माळ्यावर जायचा, लाकूड कोरडं राहायचं आणि किडा लांब राहायचा. गॅस आला आणि वाळवीला रान मोकळं झालं. पोखरलेले वासे बदलताना आपल्या परसातलं साग किंवा फणस तोडायचा विचार असेल तर आधी वनखात्याची परवानगी बघा. लाकूड बसवण्याआधी सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या टोकांना, वाळवीचं औषध पाजा. काजूच्या टरफलांचं तेल हा आमच्याकडचा जुना उपाय, होड्यांनाही लावतात. पण हातमोजे घालूनच लावा. कातडीवर पडलं की फोड येतात आणि आठवडाभर जेवता येत नाही, हे अनुभवाने सांगतो.

कौलं की पत्रा, यावर गावात रोज भांडणं होतात. पत्र्याच्या बाजूचं खरं कारण पाऊस नाही, माकडं आहेत. टोळी एकदा छपरावरून उड्या मारत गेली की वीस कौलं जातात. नुसता पत्रा मात्र उन्हात तापतो आणि पावसात त्याखाली फोनवर बोलता येत नाही. घरून काम करणाऱ्याने तर तो विचारच करू नये. आम्ही मधला मार्ग घेतला: वाशांवर पातळ रंगीत पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि वर जुनीच कौलं. उभ्या पट्ट्यांमुळे कौल आणि पत्र्यामध्ये हवा खेळते, आणि कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून थेट वळचणीला, म्हणजे छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या कडेला, जातं. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर पाणी प्रत्येक रिपेशी अडतं. सुतारकाकांना हे दोनदा सांगावं लागलं, कारण उभ्या पट्ट्या त्यांना फुकटचा खर्च वाटत होता. मधेमधे काचेची कौलं बसवायची तर तिथला पत्राही पारदर्शक घ्या. माजघरात दिवसा दिवा लावायची गरज त्याने संपली.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या पट्ट्यात ज्यांची छपरं नुसत्या वजनावर बसली होती त्यांची उडाली. वारा वळचणीखाली शिरून छप्पर वर उचलतो. म्हणून वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधा, ते लाकूड भिंतीत बोल्टने धरा, आणि वळचणीच्या दोन-तीन ओळी व आढ्याजवळची कौलं तारेने किंवा स्क्रूने पक्की करा.

पागोळ्या, जोतं, भिंती

हिशेब करून बघा. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस याहूनही जास्त पडतो. हे सगळं पाणी भिंतीपासून दोन-तीन फुटांवर पडतं. घराभोवती जोत्याच्या खाली किमान एक फूट जमीन राहील इतकी माती काढा, तीन फूट रुंद फरसबंदी बाहेरच्या बाजूला उताराने करा, आणि तिच्या कडेने उघडी गटारी काढून पाणी वहाळाकडे न्या. उघडी यासाठी की ती साफ करता येते. वळचणीला पाणी वाहून नेणारी पन्हळ लावली तर पानं अडकून तुंबते, तेव्हा जूनआधी आणि गणपतीआधी ती साफ करणारं माणूस ठरवून ठेवा.

भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा काढा आणि चुन्याचा करा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि वाळतो. बाहेरून सिमेंट लावलं की वाळायची वाट बंद होते, क्षार आतच साचतात आणि चिरा सुटायला लागतो. चुना भिजवून निदान तीन आठवडे मुरू द्या. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली धुतलेली वाळू. खाडीची किंवा समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ भिंत जन्मभर ओली ठेवतं. जुने गवंडी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालतात. चुन्याचं काम येणारा माणूस आता शोधावा लागतो. आम्हाला मिळाला तो देवळाच्या जीर्णोद्धारावर होता, म्हणून महिनाभर थांबलो. वर रंगही चुन्याचाच, प्लास्टिक पेंट नको.

वाळवीसाठी भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडतात. इमिडाक्लोप्रिडचं औषध सर्रास मिळतं, प्रमाण डब्यावरचंच घ्या. विहीर घराला लागून असेल तर त्या बाजूला मातीत औषध सोडू नका.

नवा भाग जुन्याला जोडताना

इथे दोन चुका घरोघर दिसतात.

पहिली छपराची. जुन्याच छपराचा उतार पुढे खेचून खाली खोली काढायची. सोपं वाटतं. पण मंगलोरी कौलाला तीस अंशांच्या आसपास उतार लागतो, म्हणजे दहा फूट बाहेर जाताना छप्पर पावणेसहा फूट खाली उतरतं. वळचण आठ फुटांवर असेल तर नव्या खोलीच्या टोकाला उंची सव्वादोन फूट! मग लोक उतार कमी करतात, आणि कमी उताराची कौलं पहिल्याच झडीत गळतात. दुसरा पर्याय म्हणून जुन्या भिंतीला लागून स्लॅब टाकतात. मग जुन्या छपराचं सगळं पाणी स्लॅबवर आणि तिथून सांध्यातून माजघरात.

आम्ही नवा भाग जुन्यापासून सात फूट लांब, स्वतःच्या छपरासह बांधला आणि मधे साडेचार फूट रुंद झाकलेला बोळ काढला. बोळाच्या जागी जुन्या वळचणीच्या तीन ओळी कौलं काढली आणि वाशांची बाहेर आलेली टोकं तेवढीच कापली. त्याने दीड फूट उंची मिळाली. बोळाचं छप्पर त्या वळचणीखाली फूटभर आत सरकवलं, त्याचा उतार दोन्ही बाजूंना. वर जुन्या वळचणीला फक्त तेवढ्या भागात पन्हळ. उरलेल्या सात फुटांत दोन्हीकडे छोटी अंगणं झाली. एकीत तुळस, दुसरीत वॉशिंग मशीनचे कपडे वाळतात. शिवाय जुन्या घराच्या मागच्या खिडक्या उघड्या राहिल्या. नवं बांधकाम भिंतीला चिकटवलं असतं तर माजघर कायमचं अंधारं झालं असतं.

दुसरी चूक पायाची. नवा पाया पहिली काही वर्षं थोडा बसतो, जुना कधीच बसून झालेला असतो. दोन्ही भिंती चिऱ्यात चिरा घालून एकजीव केल्या की तडा जाणारच. बोळाची भिंत जुन्या भिंतीला टेकते तिथे इंचभर फट ठेवा आणि ती लवचिक भरावाने बंद करा. जुन्या भिंतीशेजारी खणताना तिच्या पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका, आणि सलग चर न खणता चार-चार फुटांचे तुकडे खणून भरत जा. नव्या भिंतींना जोत्याच्या आणि लिंटेलच्या पातळीला सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवा. भूकंपात चिऱ्याची भिंत त्याच्या जोरावर उभी राहते.

सेप्टिक टँक, जमीन, वायरिंग

सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्याच्या जमिनीतून पाणी भराभर झिरपतं, म्हणून जागा असेल तर अंतर अजून वाढवा. शेजाऱ्याच्या विहिरीपासूनचं अंतरही मोजा. ते मोजायचं सगळेच विसरतात.

सारवलेली जमीन काढून थेट व्हिट्रिफाइड टाइल घातल्या की जमिनीतली ओल बाहेर पडायला जागा शोधते आणि भिंतींत चढते. मुरूम ठोकून घ्या, त्यावर दगडांचा थर (सोलिंग), मग जाड प्लास्टिक, तीन-चार इंच काँक्रीट आणि वर शहाबादी, कोटा किंवा लाल कोबा. भिंतीलगत दोन इंच पट्टा चुन्यात भरा. आम्ही ओटीची जमीन सारवलेलीच ठेवली आहे. सारवायला कोण येणार हा प्रश्न आहेच, पण तूर्तास बहीण आणि मी आळीपाळीने करतो.

वायरिंग सगळं नवं. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्लगना अडीच, गीझर आणि एसीला चार. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. ओलसर घरात शॉकपासून तोच वाचवतो. अर्थिंगही नीट हवं. जुन्या भिंती फोडून पाइप पुरू नका, लाकडाला लागून केसिंग (वायरी झाकणारी पट्टी) चालवा. पडवीच्या दिव्याचं बटण आईच्या पलंगाशी द्या.

आईच्या बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, तीन फुटी. धरायला दांड्या, आणि फरशी खरखरीत. उंबऱ्यावरून मात्र वाद झाला. नव्या भागात एकही उंबरा नको असं मी ठरवलं होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो मिस्त्री, ह्याचं ऐका, पण देवघराचा तेवढा ठेवा. तिथे मी बघून पाय टाकते." ठेवला.

दरवर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट करून घेण्याचं काम, असते, आता ती एका दिवसात होते. दोनशे जुनी कौलं गोठ्यामागे रचून ठेवली आहेत, कारण एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, आणि माकडं काही कुठे जात नाहीत.